खिडकीबाईंचा ओटा

खिडकीबाईंना नावाने हाक मारणारं त्या भागात कुणी उरलं नव्हतं. बस आगाराच्या आरक्षणाच्या खिडकीमागे त्यांनी सगळी नोकरी काढली आणि ती खिडकी त्यांना कायमची चिकटली. उंच फिरत्या खुर्चीवर बसून काचेपलीकडच्या जगावर त्या हुकूम चालवत. "सुटे काढून ठेवा." "रांगेत या, मी कुठे पळून चाललेली नाही." "पुढे कोण?" एवढ्या भांडवलावर त्यांनी गर्दीच्या गर्दी सरळ केली होती. मात्र काम संपवून त्या बाहेर आल्या, की मघाशी त्यांच्यापुढे हात जोडणाऱ्या माणसाला त्या ओळखूच येत नसत. खुर्चीवरून उतरलेल्या खिडकीबाई चारचौघांच्या खांद्यालाही पुरत नव्हत्या. हा विषय त्यांच्यासमोर काढायची कुणाची छाती नव्हती.

नोकरी संपली, खुर्ची गेली, बाणा तेवढा राहिला. आणि सध्या त्या बाण्याची एका रिकाम्या घराशी गाठ पडली होती.

घर त्यांचं स्वतःचं. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा त्याच घरात वाढला आणि नोकरीसाठी तिथूनच दुसऱ्या शहरात गेला. मग नवऱ्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. नवरा कारखान्यात फिटर. त्यांनाही सगळे फिटरच म्हणत, त्यामुळे या जोडप्याचं खरं नाव बहुधा फक्त वीजबिलावर असावं. डॉक्टरांनी जिने बंद केले म्हणून दोघं मागच्या गल्लीत तळमजल्यावर भाड्याने राहायला आली. वरच्या घराचं भाडं येईल ते खालच्या घराला जाईल, असा सरळ बेत होता. घोडं अडलं ते एवढ्यावरच, की वरच्या घराला भाडेकरू मिळेना.

लोक येत. खोल्या बघत, उजेड बघत, खिडकीतून खाली वाकून बघत. "घर छान आहे हो," म्हणत. "कळवतो," म्हणत. आणि जे जात ते जातच. खिडकीबाईंना हे समजत नव्हतं. घरात नाव ठेवायला जागा नाही असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्या घरात त्यांनी इतकी वर्षं काढली, कधी कशाची अडचण झाली नाही.

इकडे मुलाचा दर रविवारी फोन.

"आई, कशाला ही डोकेदुखी? विकून टाका आणि इकडे या. तुमची खोली तयार आहे."

मुलगा चांगला होता, सून तर त्याहून चांगली. पण त्या घरात राहायचं म्हटलं की खिडकीबाई विषय बदलत. तिथे साधी साखरेची बरणी काढायची तर कुणाला तरी हाक मारावी लागे. "आई, तुम्ही बसा, मी देते ना," असं म्हणत सून धावत येई. पंख्याचं बटण लावायला नातू येई. चार दिवस असं बसून काढले की पाहुणपणाने त्यांचा जीव गुदमरून जाई. मुलाचं घर ते मुलाचं घर, तिथे आपण पाहुणेच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आपल्या घरात आपण कुणाचे मिंधे नाही, ही एकच गोष्ट त्यांना म्हातारपणी हवी होती.

आणि एका रविवारी, त्या दिवशीचे बघे नुकतेच "कळवतो" म्हणून गेलेले असताना, वैतागाच्या भरात त्या फोनवर बोलून गेल्या, "या महिनाअखेरपर्यंत भाडेकरू लागला नाही ना, तर येतो आम्ही तिकडे. झालं समाधान?"

मुलाने ते वाक्य झेललं आणि घट्ट धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सुनेने खोलीत नवे पडदे लावल्याचा फोटो पाठवला.

असा गळ्याशी फास आलेला असताना पीटीचे सर आणि त्यांची बायको घर बघायला आली. सर शाळेत खेळ शिकवत, बायको एका दवाखान्यात रक्त तपासायची. दोघं ताडमाड उंच. दारातून आत येताना सरांनी सवयीने मान खाली घातली, स्वयंपाकघरात शिरले आणि ओट्यावरच्या फळीवर त्यांचं कपाळ आपटलं.

"लागलं का हो?" खिडकीबाई म्हणाल्या.

"नाही, नाही," सर कपाळ चोळत म्हणाले.

बायको ओट्यापाशी उभी राहिली. भाजी चिरल्यासारखे हात करून पाहिले. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"काकू, खरं सांगू? घर आम्हाला फार आवडलंय. शाळाही जवळ पडते. पण इथे सगळंच खाली आहे हो. ओटा खाली, फळ्या खाली, बटणं खाली. दारातलं ते बाहेर बघायचं भोकसुद्धा माझ्या छातीशी येतंय. रोज असं वाकून काम करायचं तर माझी कंबर महिन्याभरात जाईल."

खिडकीबाईंनी घराकडे पाहिलं. मग बाईकडे पाहिलं, म्हणजे वर पाहिलं.

"आधी येऊन गेलेले हेच म्हणाले असतील ना?" सरांनी विचारलं.

आधीचे काहीच म्हणाले नव्हते, नुसते कळवणार होते. एका वाक्यात लख्ख उजेड पडावा तसं झालं, आणि त्या उजेडात खिडकीबाईंना भयंकर लाज वाटली. एवढ्या लोकांना आपण हौसेने वाकडंतिकडं घर दाखवत होतो तर!

"हे सगळं वर घेऊन दिलं तर याल?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सामान घेऊन येतो," सर म्हणाले.

तिथून निघाल्या त्या जिने उतरून, गल्ली ओलांडून थेट फिटरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

इथे फिटरांच्या कामाची पद्धत सांगायला हवी. वरच्या घरात बाहेरच्या कारागिराचं पाऊल कधी पडलं नव्हतं. ओटा फिटरांनी बांधला, फळ्या त्यांनी ठोकल्या, विजेची बटणं त्यांनी बसवली, आरसा, खुंट्या, कपड्यांच्या दोऱ्या, सगळं त्यांच्या हातचं. सुट्टीच्या दिवशी कानामागे पेन्सिल अडकवून ते उभे राहिले, की खिडकीबाईंच्या कपाळाला आठी पडे. कारण हाक ठरलेली. "अगं, जरा इकडे ये. इथे उभी राहा. हात वर कर. टाचा टेकव." चुलीवरचं उतू जावो, नाहीतर मूल रडो, यांच्यापुढे शिक्षा झालेल्या पोरीसारखं भिंतीशी हात वर करून उभं राहायचं. जरा चवडे उंचावले तर लगेच, "टाचा, टाचा. टेकव खाली." मग पेन्सिलीची एक रेघ, आणि "जा आता." नवऱ्याला फुकटचा हेल्पर लागतो आणि वर त्याला दम भरायचीही हौस आहे, असा या प्रकाराचा अर्थ खिडकीबाईंनी लावला होता. टेप घेऊन माप घेताना तर त्यांनी फिटरांना घरात कधी पाहिलंच नव्हतं.

तेच त्यांनी फिटरांच्या तोंडावर फेकलं.

"कारखान्यात म्हणे सुताएवढा फरक चालत नव्हता तुम्हाला! आणि घरात? एक गोष्ट धड मापाची नाही. ओटा खाली, फळ्या खाली. त्या बिचाऱ्या माणसाचं कपाळ फुटलं आज. टेप कधी हातात धरलीत?"

फिटर गुडघ्याला तेल चोळत होते. "माप घेतलं होतं," ते म्हणाले.

"कशाने घेतलं होतं? डोळ्यांनी?"

"घेतलं होतं माप," फिटर पुन्हा म्हणाले आणि दुसऱ्या गुडघ्याकडे वळले.

"चुकीच्या मापाच्या घरात जन्म काढला मी! लोक हसले असतील. आता हे काम मी करून घेणार. ठेकेदार आणून. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"सगळंच वर घेणार?"

"सगळंच. जगात जसं असतं तसं."

फिटरांनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. "बरं," ते म्हणाले.

या 'बरं'वर खिडकीबाई आणखी भडकल्या. भांडणारा नवरा परवडला, पण 'बरं' म्हणणाऱ्याशी माणसाने भांडावं तरी कसं?

ठेकेदार आला. कानाला फोन लावूनच आला आणि कानाला फोन लावूनच गेला. मधे एकदा फोन छातीशी धरून त्याने घरभर नजर फिरवली आणि म्हणाला, "होऊन जाईल मॅडम." ओटा तोडून नवा बांधायचा, फळ्या आणि बटणं वर घ्यायची, दार खालून फुगलं होतं ते बदलायचं, मग रंग. सगळ्याला त्याचं एकच उत्तर होतं. खिडकीबाईंनी आयुष्यभर लोकांना परतवलं होतं. न परतवता टांगून ठेवणारा माणूस त्यांना नवा होता.

पहिल्या दिवशी गवंडी आला तो हातोडा न घेता. हातोडा दुसऱ्या साइटवर राहिला होता. दुसऱ्या दिवशी हातोडा आला, पण गवंडी कुणाच्या तरी लग्नाला गेला. तिसऱ्या दिवशी दोघं एकत्र आले आणि ओट्यावर पहिला घाव पडला. ठण्ण असा आवाज झाला. ओटा जागचा हलला नाही.

गवंड्याने वाकून खाली पाहिलं. "बाई, हा कोणी बांधलाय?"

"का?"

"आत लोखंडी चौकट आहे. जोडून, घासून, रंग देऊन. ओट्याला कोण असं करतं? हा रणगाडा आहे."

"तुम्हाला तोडायला सांगितलंय, कौतुक करायला नाही."

पण रणगाडा तुटेना. शेवटी लोखंड कापायचं मशिन मागवावं लागलं. ते आलं तर त्याची तार आखूड. लांब तार आणली तर वायरमनने कुठेतरी भलतीकडे हात घातला आणि जिन्यातले दिवे गेले. तिन्ही मजल्यांवरची माणसं दारात येऊन खिडकीबाईंच्या नावाने शंख करू लागली. ज्या बाईपुढे कधीकाळी अख्खं आगार चळचळा कापायचं, ती तिसऱ्या मजल्यावर सिमेंटच्या धुळीत उभी राहून शेजाऱ्यांची माफी मागत होती.

नवं दार आलं ते चौकटीत बसेना. सुतार म्हणाला चौकट वाकडी आहे, ठेकेदार म्हणाला दार मोठं आहे, आणि दोघं आपापलं म्हणणं न सोडता निघून गेले. दार जिन्यात भिंतीला टेकून उभं राहिलं. येणाजाणाऱ्याला आडवं होऊन जावं लागे. फरशी आली ती निळी. खिडकीबाईंनी पांढरी सांगितली होती.

"निळी पण छान दिसते मॅडम," ठेकेदार म्हणाला.

"तुमच्या घरी लावा."

"पांढरी येईल. होऊन जाईल."

"कधी?"

"आता बोलतो," असं म्हणून ठेकेदाराने फोन कानाला लावला आणि बोलत बोलत जिना उतरून गेला. खिडकीबाईंनी त्या दिवशी हात टेकले. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा वर हजर झाल्या, कारण महिना कुणासाठी थांबत नव्हता आणि मुलाच्या घरात पडदे लागले होते.

दिवसातून कितीदा तरी त्या तिन्ही जिने चढत आणि उतरत. घरी येऊन स्वयंपाकाला लागत तेव्हा खांदे ठणकत असत. खरंतर तळमजल्यावर राहायला आल्यापासूनच त्यांचे खांदे धरले होते. डॉक्टरांनी मलम दिलं होतं आणि वयाचं काहीतरी सांगितलं होतं. इथली हवाच दमट, असं त्या म्हणत. डब्यांसाठी एक बुटकं लाकडी स्टूल घेतलं होतं, त्यावर चढउतार करतानाही त्या हवेलाच शिव्या घालत.

फिटर सगळं बघत होते. एकदा ते म्हणाले, "इथल्या ओट्यापुढे मी काहीतरी करून देऊ का तुला? आणि एक फळी..."

"भाड्याच्या घरात एक खिळाही ठोकायचा नाही! उद्या माझ्या घरात भाडेकरूने भोकं पाडली तर मला चालेल का? तुम्हाला करायचंच असेल ना, तर वर या आणि तुमचा तो रणगाडा कसा तोडायचा ते त्या गवंड्याला सांगा."

"गुडघे नाही म्हणतात," फिटर म्हणाले.

गुडघे नाही, हा रुसलाय, असं खिडकीबाईंनी ओळखलं. आपण केलेलं तुटताना बघवत नाही. रुसू दे. चूक केली तेव्हा कुणी सांगितलं होतं?

कसंही करून काम पुढे सरकलं. दार रंधून चौकटीत बसलं. खिडकीबाईंनी ठेकेदाराच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर ठाण मांडलं, तेव्हा पांढरी फरशी आली. ओटा नवा झाला, गुळगुळीत, सरळ. फळ्या वर गेल्या. रंग लागला. गवंड्याने टेप लावून दाखवली आणि म्हणाला, "बघा बाई, पक्कं माप. कुठेही जा, ओटा एवढाच असतो." खिडकीबाईंना ते ऐकून इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याला बक्षीस दिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांचं घर मापात आलं होतं, आणि ते त्यांनी आणलं होतं.

सर यायच्या दिवशी सकाळी त्या एकट्याच वर गेल्या. केर काढला, फरशी पुसली. भाडेकरूंच्या स्वाधीन करण्यापूर्वी आपल्या घरात आपल्या हातचा एक चहा घ्यावा, असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी जुनी शेगडी आणि पातेलं तिथेच ठेवलं होतं. एवढ्या वैतागानंतर तेवढा हक्क होता त्यांचा.

स्वयंपाकघरात सकाळचा अंधार होता. त्यांनी न बघता भिंतीवर हात टाकला. हाताला नुसती भिंत लागली. बटण त्यांच्या हाताच्या बरंच वर होतं. चवडे उंचावून त्यांनी ते लावलं. पातेलं शेगडीवर ठेवलं तर आतलं पाणी दिसेना. कोपरं खांद्यापर्यंत वर आली. रंगाऱ्याने आवराआवर करताना साखरेची पुडी नव्या फळीवर ठेवली होती. त्यांनी हात लांबवला, बोटं फळीच्या कडेला लागली आणि तिथेच संपली. त्यांनी उडी मारली. या वयात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, खिडकीबाईंनी उडी मारली, आणि पुडी बोटाच्या धक्क्याने आणखी आत सरकली.

मुलाच्या घरातही साखर अशीच वर होती. "आई, तुम्ही बसा, मी देते ना." खांद्यात ओळखीची कळ आली, तीच खालच्या घरातली, हवेची.

खिडकीबाई ओट्यापुढे तशाच उभ्या राहिल्या. या जागी उभं राहून त्यांनी मुलाचे डबे भरले होते, पहाटेच्या पाळीला जाण्यापूर्वी उभ्या उभ्या चहा प्यायल्या होत्या, आणि एकदाही हात वर करावा लागला नव्हता. अंधारातही बटण सापडत होतं. दार वाजलं की भोकाला डोळा लागत होता. सगळं जिथे हवं तिथे होतं म्हणून ते कधी दिसलंच नव्हतं.

बेल वाजली. त्या दारापाशी गेल्या. नव्या दाराचं भोक त्यांच्या कपाळाच्या वर होतं.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"मी."

दारात फिटर उभे होते. एका हाताने कठडा धरलेला, चेहरा घामाने थबथबलेला, गुडघे थरथरत होते. काखेत खालच्या घरातलं बुटकं लाकडी स्टूल होतं.

"लागेल म्हटलं," फिटर म्हणाले.

खिडकीबाईंनी स्टुलाकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं, आणि त्यांना रडू आलं. रडू आलं म्हणून रागही आला.

"तुम्हाला माहीत होतं!"

"काय?"

"काय म्हणून काय विचारता? हात वर कर, टाचा टेकव! ते माप होतं! मी माप होते! तोंड उघडून सांगता येत नव्हतं? मी तुम्हाला काय काय बोलले. बोलला का नाहीत?"

फिटर स्टूल टेकवून त्याच्यावर बसले. आधी त्यांनी श्वास घेतला. "काय सांगायचं? तू बुटकी आहेस म्हणून? नोकरीत खुर्चीवरून उतरायला तुला आवडायचं नाही. घरात तरी कशाला आठवण करून द्यायची?"

"आणि हे तोडत होते तेव्हा?"

"तेव्हा तुझंच बरोबर होतं. इथे आता तू राहणार नाहीस. तो उंच माणूस राहणार आहे. त्याच्या मापाने व्हायला हवं." त्यांनी मान वळवून नव्या ओट्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "चांगला केलाय. रेषेत आहे. चौकट नाही घातली, पण ठीक आहे."

खिडकीबाईंनी नाक पुसलं, फिटरांना स्टुलावरून उठवलं, स्टूल ओट्यापुढे नेऊन त्यावर चढल्या, साखर काढली आणि दोघांचा चहा केला. फिटरांनी जमिनीवर पाय लांब करून तो घेतला. उतरताना जिन्यात दर पायरीवर त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा बरोबर हाताखाली येत होता.

सर आणि त्यांची बायको दुपारी सामान घेऊन आली. सरांनी स्वयंपाकघरात शिरताना सवयीने मान खाली घातली, मग वर पाहून हसले. बायको ओट्यापाशी ताठ उभी राहिली.

"काकू, अगदी बरोबर! आमच्यासाठी तुम्ही एवढं केलंत?"

"हो," खिडकीबाई म्हणाल्या, "खूप त्रास झाला." आणि किल्ल्या तिच्या हातात दिल्या.

जिन्यात थांबून त्यांनी मुलाला फोन लावला. भाडेकरू आले, आम्ही काही येत नाही, पडदे छान आहेत, सुनेला सांग. मुलगा हिरमुसला. त्यांना त्याचं वाईट वाटलं, पण सुटकाही वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

खाली आल्या तेव्हा फिटर खाटेवर गुडघे शेकत पडले होते.

"इथल्या घरमालकाला विचारायला हवं," खिडकीबाई पदर खोचत म्हणाल्या.

"काय?"

"फळीचं."

"विचारलंय मी. आलो तेव्हाच. ठोका म्हणाला. ओटा नाही खाली आणता येणार, पण त्याच्यापुढे फळ्यांचा एक बसका चौथरा करता येईल. तू त्याच्यावर उभी राहिलीस की झालं. लाकूड आणून ठेवलंय, मोरीमागे."

तेव्हापासून आणून ठेवलं होतं, आणि आपण खिळा ठोकू दिला नव्हता. खिडकीबाई स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याशेजारच्या मोकळ्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि उजवा हात वर केला.

बाहेर खाट करकरली. फिटर लंगडत दारात आले आणि तिथेच थांबले.

"टाचा..." त्यांनी सुरुवात केली.

"टेकवल्यात," खिडकीबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "पेन्सिल आणा आधी. माझा हात दुखतोय."